तारीख पुन्हा पुन्हा चुकतेय? आधी वार बघा

मार्च महिन्यात परभणीच्या मोंढ्यातून एका आडतीवरच्या मुनीमजींचा फोन आला. "भाऊ, हातातलं काम टाकून या, कॉम्प्युटरला खूळ लागलंय." गेलो तर हरभऱ्याचे दिवस, दुकानासमोर ट्रॅक्टर लागलेले, हमालांची पळापळ, आणि टेबलासमोर एक मामा मालाच्या हिशोबाची पट्टी हातात धरून उभे. मामांनी जानेवारीत दहा हजाराची उचल घेतलेली, दीड टक्का महिना, आता माल घालून हिशोब मिटवायला आलेले. दोन महिन्याचं व्याज तीनशे रुपये व्हायला पाहिजे होतं, पट्टीवर निघालं एक लाख ऐंशी हजार तीनशे. मालक मुनीमावर चिडलेले, मुनीम कॉम्प्युटरवर चिडलेले, आणि मामा एकदम शांत. म्हणले, "ही उचल माझ्या आज्यानं घेतली होती का काय?"

सगळे हसले, पण मला तिथंच कळलं की मामा बरोबर बोलायलेत. एक लाख ऐंशी हजार तीनशेला महिन्याच्या दीडशेनं भागून बघा, १२०२ महिने येतात. १२०० महिने म्हणजे शंभर वर्षं, वर दोन महिने खरे. म्हणजे प्रोग्रॅमच्या लेखी उचल १० जानेवारी १९२५ ची, खरंच आज्याच्या काळातली.

आता हे स्क्रीनवर का दिसत नव्हतं, तर स्क्रीनवर आणि कागदावर दोन्हीकडं साल दोनच आकडी, १०/०१/२५. २५ म्हणजे २०२५ का १९२५ हे बघून कुणाला कळणार? पण त्या प्रोग्रॅममध्ये रोजकीर्दीवर तारखेशेजारी वार छापायची सोय होती. १० जानेवारी २०२५ ला शुक्रवार होता, रोजकीर्दीवर शनिवार. मुनीमजी म्हणले, "ते तर नव्या वर्षापासून एक वार पुढंच दाखवायलंय, मला वाटलं छपाईची चूक असंल." अडीच महिने ती रोजकीर्द सगळ्यांच्या डोळ्यासमोरून गेली आणि वाराकडं कुणी बघितलं नाही.

तेव्हापासून मी कुठंही तारखेची तक्रार आली की आधी वार विचारतो. तारीख खोटं बोलते, वार बोलत नाही. १९२५ ते २०२५ या शंभर वर्षात ३६,५२५ दिवस होतात, ७ नं भागले की ६ उरतात, त्यामुळं १९०० च्या शतकात घसरलेली तारीख नेहमी एक वार पुढं दिसते. वार एकनं पुढं असेल तर शतकाची भानगड. वार बरोबर आणि तारीख वीसेक वर्ष मागं असेल तर वेगळं दुखणं, ते खाली सांगतो. आणि सकाळी मशीन चालू केल्यावर १ जानेवारी १९८०, मंगळवार, असं दिसलं तर डोकं खाजवायची गरजच नाही, मदरबोर्डवरचा सेल गेला.

आधी आडतीचं पूर्ण करतो. प्रोग्रॅम फॉक्सप्रो २.६ चा, म्हणजे डेटाबेसचे प्रोग्रॅम लिहायच्या जुन्या भाषेतला, विंडोजच्या आधीच्या डॉसवरचा, १९९० च्या दशकात कुणीतरी लिहून दिलेला. १९९९ मध्ये सगळीकडं वायटूकेची, म्हणजे २००० साल लागलं की दोन आकडी सालं चुकतील याची, धास्ती होती तेव्हा एका पोरानं येऊन तो 'दुरुस्त' केला. दुरुस्ती काय, तर साल २५ पेक्षा कमी असेल तर पुढं २० लाव, नाहीतर १९ लाव. याला विंडोइंग म्हणतात, त्या काळात जगभर हेच केलं कारण सगळ्या फाइलींमध्ये चार आकडी साल करत बसायला वेळही नव्हता आणि पैसाही. २५ चा आकडा टाकताना त्या पोराला वाटलं असणार की पंचवीस वर्षं हा प्रोग्रॅम कोण वापरणार आहे. मोंढ्याला ओळखत नव्हता तो. ज्यांनी २० चा आकडा टाकला त्यांचं पाच वर्षं आधीच झालं. तेव्हा आपल्या मुनीमजींनी वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

पट्टीवर फरक का पडला तर पट्टीची तारीख प्रोग्रॅम कॉम्प्युटरच्या घड्याळातून घेतो, ती पूर्ण चार आकडी असते. उचलीची तारीख मुनीमजी हातानं टाकतात, ती दोन आकडी. दोन्ही हातानं टाकल्या असत्या तर दोन्ही १९२५ झाल्या असत्या, वजाबाकी बरोबर आली असती आणि कुणाला पत्ताही लागला नसता. असे कितीतरी प्रोग्रॅम आजही चालूयेत, चुकीच्या शतकात, अगदी बरोबर हिशोब करत.

उपाय काय केला. पहिलं काम, कशालाही हात लावायच्या आधी सगळं फोल्डर पेन ड्राइव्हवर कॉपी. नुसत्या डीबीएफ, म्हणजे नोंदी असलेल्या फाइली नाही, त्याच्या शेजारच्या, नोंदींचा क्रम लावणाऱ्या इंडेक्सच्या आणि मेमोच्या फाइलीसुद्धा. मग एक डीबीएफ नोटपॅडमध्ये उघडून बघितली. डीबीएफचं एक चांगलंय, तारीख आत आठ आकड्यांत साध्या अक्षरात असते, आधी साल मग महिना मग दिवस, त्यामुळं उघड्या डोळ्यांनी १९२५०११० दिसतं. म्हणजे फाइलीत चार आकडी सालाची जागा पहिल्यापासून आहे, भानगड फक्त तारीख टाकायच्या खिडकीत आहे. हे कळलं की निम्मं टेन्शन जातं. लोक उगाच डेटाबेस बदलायला निघतात.

सोर्स तुमच्याकडं असेल, म्हणजे प्रोग्रॅम जिच्यात लिहिलाय ती पीआरजी फाइल, तर सरळ सेट सेंच्युरी ऑन करा, तारखेचा रकाना आठचा दहा अक्षरं रुंद करा आणि मुनीमाला पूर्ण साल टाकायची सवय लावा. शेजारी सेट डेट ब्रिटिश आहे का तेही बघा, नाहीतर फॉक्सप्रो अमेरिकन पद्धतीनं महिना आधी धरतो. व्हिज्युअल फॉक्सप्रो असेल तर सेंच्युरी टू १९ रोलओव्हर ५० म्हणून भागतं, क्लिपर ५ वाल्यांना सेट इपॉक टू १९५० आहे. सोर्स नसेल, नुसती ईएक्सई, म्हणजे तयार चालणारी फाइल असेल, तर कॉन्फिग डॉट एफपी या सेटिंगच्या फाइलीत सेंच्युरी ऑन लिहून बघा, पण प्रोग्रॅमच्या आतच कुणी ऑफ लिहून ठेवलं असेल किंवा आमच्यासारखी हातानं शतक लावायची कारागिरी केली असेल तर उपयोग नाही.

आमच्याकडं नुसती ईएक्सई, आणि तो १९९९ चा पोरगा पुण्याला गेला तो गेलाच. मग उलटा मार्ग धरला. रोज संध्याकाळी नोंदी संपल्या की एक छोटा प्रोग्रॅम चालवायचा, तो उचलीच्या आणि आवकेच्या फाइलीत ज्या तारखेचं साल १९५० च्या आधीचंय तिच्यात गोमंथ फंक्शननं १२०० महिने मिळवतो. १९५० ची अट महत्त्वाची. या आडतीत १९९० च्या आधीची एकही नोंद नाही म्हणून मी बिनधास्त लिहिली, पण तुमच्या फाइलीत जन्मतारखेचा रकाना असेल तर त्याला चुकूनही हात लावू नका, नाहीतर म्हातारी माणसं पुन्हा पाळण्यात जातील.

आणि हे झाल्यावर रीइंडेक्स करायचं, तेही सगळ्या इंडेक्सचं. इथं अजून एक जुनी खोड सापडली. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं इंडेक्स डीटीओसीवर बांधलेला, म्हणजे तारखेचं दिवस-महिना-साल असं अक्षर करून. मग ०१ एप्रिल ०२ जानेवारीच्या आधी लागणार हे उघडंय, पण मुनीमजींना वाटायचं यादी अशीच असते. डीटीओएसवर बांधला तर साल आधी येतं आणि क्रम नीट लागतो. पण ईएक्सईला जुन्याच नावाचा, जुन्याच पद्धतीचा इंडेक्स लागतो, म्हणून तो तसाच ठेवला आणि माझ्या वेगळ्या रिपोर्टसाठी दुसरा बांधला. दुसऱ्याच्या जुन्या घरात खिळा ठोकताना भिंत बघून ठोकावा लागतो.

आता सेलचं. माझ्याकडं येणाऱ्या तारखेच्या तक्रारींत सगळ्यात जास्त हीच असते आणि लोक सगळ्यात जास्त वेळ यातच घालवतात, विंडोज नव्यानं टाकण्यापर्यंत मजल जाते. ओळखायची खूण एकच. मशीन दिवसभर चालू असताना तारीख बरोबर राहते आणि सकाळी चुकलेली सापडते, तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल. चालू होताना सीमॉस चेकसम एरर, एफ वन दाबा, असं येत असेल तर मग शंकाच नको. उलट मशीन चालू असतानाच तारीख बदलत असेल तर सेलचा संबंध नाही, कुठलातरी प्रोग्रॅम किंवा माणूस ती बदलतोय. एका ठिकाणी तर दुपारच्या शिफ्टचा पोरगा गेमची ट्रायल संपू नये म्हणून तारीख मागं घ्यायचा.

नवा सेल मीटरवर तीन व्होल्टच्या थोडा वरच दाखवतो. २.७ च्या खाली आला की बदलून टाका. आणि बदलून सहा महिन्यात परत गेला तर सेलला शिव्या देऊ नका, आधी विचारा की रात्री दुकान बंद करताना मेन स्विच पाडता का. आपल्याकडं मोंढ्यात, किराण्यात, सगळीकडं शॉर्टसर्किटच्या भीतीनं मेन पाडूनच जातात. मशीनला वीज असते तोवर बंद अवस्थेतसुद्धा पॉवर सप्लायमधून घड्याळाला थोडी वीज मिळते आणि सेलला आराम असतो, मेन पाडला की रात्रभर सगळा भार सेलवर. त्यात पत्र्याचं दुकान आणि मे महिना, उन्हानं सेल आपोआपच लवकर उतरतो. मेन पाडू नका असं मी सांगत नाही, दुकान जळण्यापेक्षा सेल गेलेला बरा. फक्त दर दिवाळीच्या पूजेला जशी नवी वही आणता तसा एक सेल आणा म्हणून सांगतो.

फार जुनं मशीन असेल, ३८६ किंवा ४८६, तर तिथं गोल नाणं नसतं, निळं किंवा हिरवं बॅरलसारखं बोर्डाला सोल्डर केलेलं असतं. ते फुटून हिरवट पाणी सुटतं आणि बोर्डावरच्या बारीक तारा खातं. ते क्षारी असतं म्हणून आधी व्हिनेगरच्या बोळ्यानं पुसायचं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं, आणि तसलंच पुन्हा लावायच्या फंदात पडायचं नाही, तीन सेलचं होल्डर वायरीनं बाहेर काढायचं. बाहेरून साधे सेल लावले तर मध्ये एक डायोड टाका, नाहीतर बोर्ड त्यांना चार्ज करायला बघतो.

सेल नवा असूनही साल टिकत नाही, असंही एक होतं. १९८४ च्या आयबीएम पीसी एटीपासून घड्याळाच्या चिपमध्ये साल दोन आकडीच आहे, शतक वेगळ्या खणात ठेवायचं काम बायोसचं, म्हणजे मशीन चालू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅमचं. काही जुने बायोस ते शतक नीट सांभाळत नाहीत, मग दिवस महिना बरोबर आणि साल १९०० च्या शतकातलं किंवा थेट २०९४. डॉसला स्वतःला काही अडचण नाही, त्याच्या फाइलींमध्ये १९८० ते २१०७ पर्यंतची सोय आहे. बायोसचा अपडेट आता कुठून मिळणार, म्हणून सोपा जुगाड, मशीन चालू होताना आपोआप चालणाऱ्या ऑटोएक्सेक डॉट बॅट फाइलीच्या पहिल्या ओळीत डेट आणि दुसऱ्या ओळीत टाइम लिहा. सकाळी मशीन चालू केलं की तारीख विचारल्याशिवाय पुढं जातच नाही. खरं तर ऑटोएक्सेक फाइल नसली तर डॉस आपणहून विचारतो, लोकांनी ती फाइल टाकूनच तो प्रश्न गप्प केलाय.

तासांचा फरक असेल तर तो आकडा नीट मोजा, तोच दुखणं सांगतो. बरोबर साडेपाच तास म्हणजे एकाच मशीनवर लिनक्स आणि विंडोज दोन्ही आहेत आणि एक घड्याळाला ग्रीनविचचं समजतंय, दुसरं इथलं. साडेबारा किंवा साडेतेरा तास म्हणजे विंडोज टाकताना टाइम झोन अमेरिकेचा राहून गेलाय, विंडोज एक्सपी टाकणाऱ्यांनी नेक्स्ट नेक्स्ट करत पॅसिफिक टाइम तसाच सोडलेला असतो. आणि वर्षातून दोनदा, मार्चमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये, घड्याळ आपोआप एक तास सरकतं अशी तक्रार असेल तरी तेच, कुणीतरी झोन न बदलता हातानं काटे फिरवलेत आणि मशीन इमानदारीनं अमेरिकेची उन्हाळी वेळ पाळायलंय. जालन्यातल्या एका दुकानात हे नऊ वर्षं चालू होतं. मालक म्हणले, आम्हाला वाटलं सूर्यावर चालतं.

एक्सपीमध्ये इंटरनेट टाइमचं अपडेट नाऊ दाबून तारीख दुरुस्त होत नाही, ही पण नेहमीची तक्रार. तारीखच चुकलेली असेल तर तो स्पष्ट सांगतो की सुरक्षेसाठी जुळवत नाही, आधी तारीख नीट करा. म्हणजे आधी हातानं दिवस महिना साल टाका, मग तो मिनिटं-सेकंद जुळवतो. जुळवायला आपल्याकडं दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा टाइम सर्व्हर आहे, भारतीय प्रमाण वेळ तिथलीच, एनआयसीचाही आहे.

एक्सेलवाल्यांनो, आता तुमच्याकडं येतो. एका पतसंस्थेची सभासद यादी माझ्याकडं टायपिंगला होती. आता आपल्याकडच्या जुन्या माणसांची जन्मतारीख काय असते ते तुम्हाला माहितीये, १ जून. गुरुजींनी शाळेत घालताना टाकली, निम्म्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी. पोरीनं भराभर १/६/२८, १/६/२९, १/६/३१ असं टाकत नेलं. वयाचा रकाना काढला तर ३१ सालचे आजोबा चौऱ्याण्णव आणि २८ सालच्या आजी अजून जन्माला यायच्यात. कारण एक्सेल ०० ते २९ ला २००० चं समजतो आणि ३० ते ९९ ला १९०० चं. ही मर्यादा एक्सेलची नाही, विंडोजच्या रीजन सेटिंगमधली आहे, तारखेच्या पानावर खाली दोन आकडी साल कसं धरायचं ते लिहिलेलं असतं. आणि खरा घोळ पुढंय. नव्या विंडोजमध्ये हीच खिडकी १९५० ते २०४९ अशी येते. म्हणजे तीच यादी अर्धी जुन्या मशीनवर टायप केली आणि अर्धी नव्या लॅपटॉपवर तर १/६/४५ एका ठिकाणी १९४५, दुसऱ्या ठिकाणी २०४५. म्हणून टायपिंग सुरू करायच्या आधी रकान्याचा फॉरमॅट चार आकडी सालाचा करा आणि पूर्ण साल टाका. दोन बोटांचं काम वाचवायला जाऊन मी दोन रात्री घालवल्यात.

दुसरं, दिवस-महिन्याची उलटापालट. रकाना रुंद करा आणि बघा तारखा कुठल्या बाजूला चिकटल्यात. काही डावीकडं, काही उजवीकडं असतील तर मशीनचं रीजन अमेरिकेचंय. १३/०४/२०२५ ला तेरावा महिना नसल्यामुळं ती नुसतं अक्षर म्हणून डावीकडं राहते, आणि ०५/०४/२०२५ गुपचूप ४ मे होऊन उजवीकडं जाते. डावीकडच्या दिसतात म्हणून लोक त्याच दुरुस्त करतात, उजवीकडच्या चुकलेल्या आहेत हे ध्यानातच येत नाही. डावीकडच्यांना टेक्स्ट टू कॉलम्समध्ये शेवटच्या पायरीला डेट, डीएमवाय निवडा. उजवीकडच्यांसाठी डेट फंक्शनमध्ये साल तसंच ठेवून महिन्याच्या जागी डे आणि दिवसाच्या जागी मंथ द्या, अदलाबदल होते. पण आधी रीजन इंग्लिश इंडिया करा, नाहीतर उद्या परत तेच. अजून एक, दोन फाइली जोडल्यावर सगळ्या तारखा चार वर्षं एक दिवसानं सरकल्या तर एक फाइल मॅकच्या १९०४ च्या पद्धतीवर आहे, फरक बरोबर १,४६२ दिवसांचा असतो, तेवढे मिळवा किंवा वजा करा.

तिसरं खास आपल्या मराठवाड्याचं. निजामकाळातल्या नोंदी शोधायचं काम निघालं तेव्हापासून बरेच जण जुने कागद एक्सेलमध्ये चढवायलेत. एक्सेलचं जग १ जानेवारी १९०० ला सुरू होतं, त्याच्या आधीची तारीख तो तारीख मानतच नाही, अक्षर म्हणून ठेवतो, सॉर्ट लागत नाही, वर्षं मोजता येत नाहीत. वरून १९०० चा फेब्रुवारी तो २९ दिवसांचा धरतो, खरं तर ते लीप वर्ष नव्हतं, पण एक्सेलच्या आधीच्या लोटस १-२-३ या प्रोग्रॅममध्ये ही चूक होती आणि तिच्या फाइली चालाव्यात म्हणून मुद्दाम तशीच घेतली. त्यामुळं १ मार्च १९०० च्या आधीचे वार एकनं चुकतात, तिथं माझी वाराची कसोटीही चालत नाही. आणि कागदावर फसली सन, म्हणजे निजामाच्या महसुलाच्या कागदावरचं वर्ष असेल तर विचारूच नका. हैदराबादचा जमीन महसूल कायदा १३१७ फसलीचा म्हणजे १९०७ चा, तेव्हा ढोबळ हिशोबानं ५९० मिळवायचे, पण फसली वर्ष ऑक्टोबरात बदलतं म्हणून पुढच्या इसवी सालात शिरलेल्या महिन्यांना ५९१. कुणी १३५७ फसलीचं नुसतं ५७ टाकलं की एक्सेल आनंदानं १९५७ करून मोकळा होतो, तेव्हा निजाम जाऊनही नऊ वर्षं झाली होती. माझी पद्धत अशी, दिवस, महिना, साल तीन वेगळे रकाने, कागदावर जसं लिहिलंय तसंच, चौथ्या रकान्यात सनाचं नाव, आणि इसवीतलं रूपांतर पाचव्यात वेगळं. मूळ आकडा कधीच पुसायचा नाही. १९०० च्या आधीच्या इसवी तारखा मोजायच्याच असतील तर लिब्रेऑफिस कॅल्क वापरा, तो त्या नीट घेतो.

आता तो लोकप्रिय जुगाड, कॉम्प्युटरची तारीखच मागं घेऊन ठेवायची. चालतो, पण कुठं चालतो ते समजून घ्या. एका शाळेची घंटा वाजवणारं जुनं यंत्र ९९ च्या पुढचं साल घेतच नव्हतं. त्याला २८ वर्षं मागचं साल टाकून दिलं. २८ वर्षांनी कॅलेंडर जसंच्या तसं फिरून येतं, वार आणि लीप वर्ष दोन्ही जुळतात, २०२५ ला १९९७, २०२६ ला १९९८, २०२७ ला १९९९. रविवारी घंटा बंद, शनिवारी सकाळची शाळा, सगळं बरोबर. पोळा-दसरा मात्र जुळत नाहीत, त्या सुट्ट्या शिपाईमामा हातानंच बंद करतात. २०२८ ला काय करायचं तर नवं यंत्र घ्यायचं, सरांना आत्ताच सांगून ठेवलंय.

पण हेच रोजच्या वापराच्या कॉम्प्युटरवर करू नका. तारीख मागं गेली की ब्राउझरला साइटचं सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं नाही असं वाटतं, जीएसटीचं पोर्टल उघडत नाही, डिजिटल सही चालत नाही, आणि बॅकअपचा प्रोग्रॅम नव्या फाइली जुन्या समजून सोडून देतो. जुना प्रोग्रॅम जुन्याच तारखेत चालवायचा असेल तर त्याला वेगळ्या खोलीत ठेवा. व्हर्च्युअलबॉक्स म्हणजे कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारा प्रोग्रॅम, त्यात जुनं विंडोज टाकून बायोसच्या वेळेचा फरक देता येतो, तेवढं त्याच्या गेस्ट ॲडिशन्स या जोडप्रोग्रॅमचं वेळ जुळवणं बंद ठेवायचं. एकच विंडोज प्रोग्रॅम असेल तर रनॲजडेट नावाची छोटी फुकट युटिलिटी त्या एकट्यालाच खोटी तारीख दाखवते. डॉसचे प्रोग्रॅम चालवणारा डॉसबॉक्स मात्र चालू होताना बाहेरच्या मशीनची तारीख घेतो. आणि मागच्या तारखेची बिलं काढायला हे कुणी विचारायला आलं तर मी चहा पाजून परत पाठवतो.

वार बरोबर आणि तारीख वीसेक वर्ष मागं, हे म्हणलं होतं. हे जीपीएसचं. शेत मोजायचं जुनं हातातलं यंत्र घेऊन एक जण १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनावरून थेट दुकानात आले. यंत्रात बुधवार, १ फेब्रुवारी २००६. वार बुधवारच होता. जीपीएसचे सॅटेलाइट आठवडे मोजतात आणि जुन्या पद्धतीत १०२४ आठवडे झाले की पुन्हा शून्यावर येतात, ६ जानेवारी १९८० पासून असं दोनदा झालंय, ऑगस्ट १९९९ आणि एप्रिल २०१९ मध्ये. १०२४ आठवडे म्हणजे ७,१६८ दिवस, पूर्ण आठवडेच असल्यामुळं वार हलत नाही. कंपनीचा अपडेट मिळाला तर टाका, नाहीतर तारखेकडं दुर्लक्ष करा, तुमचं शेत किती गुंठे ते तो बरोबरच मोजतो.

२०३८ बद्दल सगळे विचारतात. ३२ बिटच्या जुन्या सिस्टीम १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतात आणि त्यांचा आकडा १९ जानेवारी २०३८ ला आपल्या सकाळच्या ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदाला भरतो, पुढच्या सेकंदाला त्या डिसेंबर १९०१ मध्ये जातात. पण तुम्ही २०३८ ची वाट बघायची गरज नाही, पंधरा वर्षाच्या कर्जाचे हप्ते आज मांडले तरी शेवटचे हप्ते २०३८ च्या पुढं जातात. पतसंस्थेचा जुना प्रोग्रॅम असेल तर आजच एक खोटं पंधरा वर्षाचं कर्ज टाकून बघा. मायएसक्यूएल या डेटाबेसवर असेल आणि शेवटचे हप्ते दिसेनात तर तारखेचा रकाना टाइमस्टॅम्पचा आहे का बघा, डेटटाइमचा केला की भागतं.

आडतीवर ती संध्याकाळची दुरुस्ती अजून रोज चालते. बॅच फाइलला नाव काय देऊ म्हणून मुनीमजींना विचारलं तर ते म्हणले त्या मामांच्या आज्याचंच द्या. म्हणून तिचं नाव आजा डॉट बॅट. रोज साडेसहाला मालक गल्ल्यावरून ओरडतात, "आजा चालवला का?"